तिनं सांगितली ती गोष्ट तुझी होती

मावशी,

मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. नववी झाली, आता दहावीत जाणार. पाचवीपासून दर सुट्टीत मी जांबोटीच्या बाजूला भरणाऱ्या दहा दिवसांच्या निवासी शिबिराला जाते. पहिल्याच वर्षी तिथं निपाणीकडची एक मुलगी भेटली आणि तेव्हापासून आम्ही दोघी शिबिरात कायम एकत्र. अंथरूण शेजारी, पंगतीला शेजारी. वर्षभर भेट नसायची, पण आईच्या फोनवरून बोलायचो.

सातवीच्या सुट्टीत शिबिरातच मला पहिल्यांदा पाळी आली. श्रमदान चालू होतं. मला काही कळेना. तिनंच ओळखलं, स्वतःची ओढणी माझ्या कमरेला बांधली, ताईंकडं घेऊन गेली, रात्री हौदावर माझा स्कर्ट धुवायला बसली. कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं.

यंदा ती शाळेतल्या दोन मैत्रिणींना घेऊन आली. दोन वर्षं झाली, ती इंग्लिश मीडियमला आहे. त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलायची, मला निम्मंच कळायचं. मी गेले की बोलणं थांबायचं. पूर्वी आमचे गट वेगळे पडले की ती ताईंच्या मागं लागून बदलून घ्यायची, यंदा काही बोलली नाही. आणि एका रात्री आम्ही सगळ्या मुली गच्चीवर बसलो होतो, तेव्हा तिनं ती सातवीतली गोष्ट हसत हसत सगळ्यांना सांगितली. सगळ्या हसल्या. मी पण हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

शेवटच्या दिवशी तिनं माझ्या वहीत 'लवकर भेटू, विसरू नकोस' असं लिहिलंय. पण घरी आल्यापासून फोन नाही. शिबिराच्या ग्रुपवर मात्र फोटो टाकते. आई म्हणते, शिबिरातली मैत्री शिबिरापुरतीच, आता दहावीचं बघ. आमची मैत्री खोटी होती का? मी तिला मेसेज करू की तिची वाट बघू? पुढच्या वर्षी मला शिबिरात ताई म्हणून बोलावलंय. ती पण येणार असेल तर मी जाऊ का?

— खानापूरकडची एक मुलगी

बाळ,

तुझ्या पत्रात दोन वेगळी दुःखं आहेत आणि ती एकमेकांत गुंतल्यामुळं तुला एकाचाही उलगडा होत नाहीये. एक, तुझी मैत्रीण बदलली. दुसरं, तिनं तुझी खाजगी गोष्ट तुझ्यासमोर, तुला न विचारता, गच्चीभर मुलींना सांगितली. पहिल्यात कुणाचीच चूक नाही. दुसऱ्यात तिची चूक आहे, अगदी उघड चूक आहे. मोठी माणसं या दोन्हींची एकच मोट बांधतात आणि "असं चालायचंच, विसरून जा" म्हणून मोकळी होतात. मी तसं म्हणणार नाही.

आधी दुसरी गोष्ट घेते, कारण सलतेय ती तीच.

पाळी येण्यात लाजण्यासारखं काही नाही, हे तुला शाळेत सांगितलं असेलच. ते खरंच आहे. पण लाजण्यासारखं नाही म्हणून ती गोष्ट कुणीही कुठंही सांगत सुटावी, असं होत नाही. तुझ्या अंगाची गोष्ट कधी, कुणाला आणि कुठल्या सुरात सांगायची हे तू ठरवायचं. आपल्या भागात अजून काही घरांत पहिल्या पाळीला मुलीला साडी नेसवून ओटी भरतात, गल्लीतल्या बायकांना बोलावतात. घरच्यांना त्यात कौतुक असतं, काही मुलींना ते आवडतंही. पण काही मुलींना त्या दिवशी जमिनीत गडप व्हावंसं वाटतं, आणि कारण विचारलं तर एकच सांगतात: मला कुणी विचारलंच नाही. तुझं गच्चीवरचं दुखणं याच जातीचं आहे. तू फार हळवी आहेस असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

आता तिनं असं का केलं असेल? मी तिला ओळखत नाही. पण ती गोष्ट तिच्या बाजूनं एकदा बघ. त्यात घाबरलेली तू आहेस आणि धीराची ती. तेरा वर्षांची पोर, हातात घमेलं, आणि मैत्रिणीच्या स्कर्टवर डाग दिसल्याबरोबर घमेलं खाली टाकून गळ्यातली ओढणी सोडते, कमरेला गुंडाळते, "चल, पुढं चाल, मी मागं आहे" म्हणते. (हे शेवटचं वाक्य तुझ्या पत्रात नाही, पण असंच काही म्हणाली असणार.) त्या वयात एवढं सुचणं सोपं नाही. तिच्या लेखी ती तिच्या शौर्याची गोष्ट आहे, आणि नव्या मैत्रिणींसमोर तिला शूर दिसायचं होतं. सांगता सांगता पहिला हशा पिकला असेल, आणि हशा पिकला की सांगणारा त्याच्यामागं वाहत जातो. मग तुझं घाबरणं हा त्या गोष्टीतला गमतीचा भाग झाला.

हे मी तिची वकिली म्हणून सांगत नाही. तिच्या मनात तुझा अपमान करायचा नसेलही, तरी अपमान झाला. तुमचा शब्द होता आणि तिनं तो मोडला.

तू हसलीस, त्याबद्दल मात्र स्वतःला दोष देऊ नकोस. सगळ्या हसत असताना "थांब, हे बरोबर नाही" म्हणणं चाळिशीच्या बायकांनाही जमत नाही, तू तर पंधरा वर्षांची. फक्त एवढं ध्यानात घे की तिनं तुझं हसणं पाहिलंय, रडणं पाहिलेलं नाही. तिच्या मते त्या रात्री काही बिघडलेलंच नाही. 'लवकर भेटू' तिनं कदाचित अगदी मनापासून लिहिलं असेल. म्हणून तिच्या फोनची वाट बघत बसू नकोस. जिला काही माहीतच नाही ती माफी मागायला कशी येईल?

तूच फोन कर. मेसेज नको, व्हॉइस नोटही नको. लिहिलेलं आणि रेकॉर्ड केलेलं दुसऱ्याला दाखवता-ऐकवता येतं, आणि जी गोष्ट पसरल्याचं तुला दुःख आहे तीच पुन्हा कुणाच्या फोनमध्ये जाऊन बसायला नको. ग्रुपवर टोमणा नको, स्टेटस ठेवून सुनावणं तर अजिबात नको. शिबिरातल्या ताईंनाही मध्ये घालू नकोस, त्यांनी समजूत काढली तर ती वरवरची होईल. फोन आईचा आहे, म्हणून आईला आधीच सांग की मला दहा मिनिटं एकटीनं बोलायचंय. संध्याकाळी जेवणं झाल्यावर, अंगणात नाहीतर माडीवर जाऊन बोल.

आणि साधारण असं बोल: "सातवीत तू मला सांभाळलंस ते मी कधी विसरणार नाही. पण ती गोष्ट तू गच्चीवर सगळ्यांना सांगितलीस, ते मला फार लागलं. मी तिथं हसले, पण नंतर खूप रडले. ती गोष्ट आता परत कुणाला सांगू नकोस." एवढंच. आवाज कापेल असं वाटत असेल तर कागदावर लिहून समोर ठेव आणि बघून वाच, त्यात काही कमीपणा नाही. सुरुवातीचं आभाराचं वाक्य गोड बोलायचं म्हणून घातलेलं नाही. ते खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच पुढचं तिच्या आत पोचेल. 'तू बदललीस', 'त्या दोघी आल्यापासून', 'इंग्लिश मीडियमला गेल्यापासून' यातलं एकही वाक्य त्या फोनवर येऊ देऊ नकोस. ती वाक्यं आली की ती स्वतःचा बचाव करायला लागेल आणि गच्चीवरची रात्र बाजूलाच राहील.

ती "सॉरी गं, माझ्या लक्षातच आलं नाही" म्हणाली तर ते तेवढ्यावरच सोड, पुन्हा उगाळू नकोस. "एवढं काय त्यात, गंमत केली" म्हणाली तर वाद घालू नकोस. "तुला गंमत वाटली, मला नाही वाटली, परत सांगू नकोस" एवढं म्हण आणि फोन ठेव. अशी माणसं पुष्कळदा दोन दिवसांनी विचार करतात. आणि तिनं विचार नाहीच केला, तर तुला एक गोष्ट पक्की कळेल: यापुढं हिच्याशी गप्पा मारायच्या, पण मनातलं ठेवायला हिच्याकडं द्यायचं नाही. मैत्री तोडायची गरज नाही. कुणाजवळ काय बोलायचं हे ठरवता येणं मोठं होण्यातच येतं, आणि तुला ते आत्ता, जरा कडू अनुभवातून शिकावं लागतंय, याचं मला वाईट वाटतं.

आता ती बदलली त्याबद्दल.

मैत्री खोटी होती का, असं तू विचारतेस. तुझ्या आईचं वाक्य मी आदरानं, पण ठामपणे खोडून काढणार आहे. कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या गावी राहायला आलेली माणसं आणि कॉलेजात नव्यानं आलेली मुलं, यांची मैत्री व्हायला किती वेळ लागतो हे त्यांनी बघितलं. साध्या ओळखीतून ऊठबशीची मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, मित्र म्हणावं इतकं व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवाभावाची मैत्री व्हायला २०० हून जास्त. कामानिमित्त नुसतं एका ठिकाणी असणं त्यात फारसं धरू नये, एकत्र रिकामा वेळ काढणं, हसणं-खिदळणं याला मोल जास्त, असंही त्यांना दिसलं.

आता तुझा हिशेब कर. शिबिरात पहाटेच्या शिट्टीपासून रात्री दिवे जाईपर्यंत रोज पंधरा तास तरी तुम्ही एकत्र असायचा. दहा दिवसांचे दीडशे. यंदाचा सोडला तरी चार उन्हाळ्यांचे सहाशे. ते तासही कसले? हौदावर राखेनं ताटं घासतानाचे, करवंदं खाऊन ओठ चिकट झालेले, वळीव आला की लाइट जाऊन सगळ्यांनी सभागृहात सतरंजीवर दाटीवाटीनं बसायचे. वर्गात शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मुलीबरोबर एवढा मोकळा वेळ कितीदा मिळतो? तेव्हा मैत्री शंभर टक्के खरी होती. खोट्या मैत्रीत कुणी रात्री गार पाण्यात दुसरीचा स्कर्ट धुवायला बसत नाही.

पण त्या मैत्रीला एक मर्यादा होती आणि ती तुम्हा दोघींच्या लक्षात आली नाही, कारण लहानपणी ती कुणाच्याच लक्षात येत नाही. वर्षाचे दहा दिवस तुम्हाला एकमेकींचं सगळं माहीत होतं, उरलेल्या तीनशे पंचावन्न दिवसांचं फार थोडं. पाचवी-सहावीत त्यानं बिघडत नाही, त्या वयात वर्षभरात माणूस फक्त उंच होतं. बारा ते पंधरा या वयात मात्र वर्षभरात माणूस आतून पालटतं. दोन वर्षांपूर्वी ती इंग्रजी शाळेत गेली. मराठी शाळेतून एकदम तिकडं जाणं म्हणजे काय असतं, तुझ्या गावातली कुणी गेली असेल तर तिला विचार. पहिले कित्येक महिने बाई काय बोलतात ते कळत नाही. आधीच्या शाळेत पहिल्या पाचांत असलेली मुलगी इथं मागच्या बाकावर गप्प बसते. त्या दिवसांत ज्या मुली डबा घेऊन शेजारी येऊन बसल्या असतील, त्या बहुतेक याच दोघी. त्यांच्या घरची भाषा कन्नड असेल, तर ती त्यांच्याकडूनच कन्नड बोलायला शिकली असेल. हा माझा अंदाज आहे, पण तू फोनवर कधीतरी विचारून बघ की तुझं नव्या शाळेतलं पहिलं वर्ष कसं गेलं गं? तू हे आजवर विचारलेलं नसशील. तिनंही तुझं विचारलं नसेल.

आणि मला आणखी एक वाटतं. ती त्या दोघींना शिबिरात का घेऊन आली? सुट्टीत मामाकडं नेता आलं असतं, घरी बोलावता आलं असतं. ती त्यांना तिला सगळ्यांत आवडणाऱ्या जागी घेऊन आली, आणि ती जागा तिला आवडायला लागली ती तुझ्यामुळं. मग तिथं त्या दोघी नवख्या, मराठीही जेमतेम येणाऱ्या, त्यांना एकटं वाटू नये ही जबाबदारी तिच्यावर पडली. तुला ती सोडून गेल्यासारखी दिसली, तिला वाटलं असेल तू तर इथलीच आहेस, तुला काय सांभाळायचं. तू गेल्यावर बोलणं थांबायचं हे खरंच असेल. पण कधी कधी बोलणं यासाठीही थांबतं की आता कुठल्या भाषेत चालू ठेवायचं ते कळत नाही.

भाषेवरून एक स्पष्ट सांगते, कारण तुझ्या पत्रात ते हळूच आलंय आणि आपल्या भागात ते हळूच येऊन मोठं होतं. सीमेचा प्रश्न १९५६ पासूनचा आहे, त्यात तुझ्या-माझ्या घरांनी पुष्कळ सोसलंय, आणि मराठीसाठी आग्रह धरणं मला आजही योग्य वाटतं. पण तो हिशेब दोन मुलींच्या मैत्रीत मांडायचा नाही. कुणी मोठं माणूस "बघ, कानडीत गेली तुझी मैत्रीण" असं म्हणालं तर ते तुझ्या दुःखाला दुसऱ्याच कुणाचं ओझं बांधतंय. शाळेत तू कन्नड हा विषय शिकतेसच. निम्मं कळत होतं म्हणतेस, तर उरलेलं निम्मं "काय म्हणालात गं?" म्हणून विचारायला हरकत नव्हती. बेळगावच्या बाजारात आपण सगळे असंच तर बोलतो, वाक्य एका भाषेत सुरू होतं आणि दुसऱ्या भाषेत संपतं.

गट बदलून न घेतल्याचं तुला लागलंय. इथं एक जुना प्रयोग सांगते. १९४९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात मुझफ्फर शेरीफ या मूळ तुर्कस्तानच्या मानसशास्त्रज्ञानं मुलग्यांचं एक उन्हाळी शिबिर भरवलं. मुलं साधारण तुझ्या सहावी-सातवीच्या वयाची. पहिले काही दिवस सगळे एकत्र राहिले, त्यांच्या जोड्या जमल्या. मग शेरीफनं त्यांचे दोन गट पाडले, आणि जमलेल्या जिवलग जोड्या मुद्दाम दोन वेगळ्या गटांत टाकल्या. मुलांना ते जड गेलं. पण वेगवेगळं राहून, आपापल्या गटात स्वयंपाक करून, सामान वाहून थोडेच दिवस झाल्यावर त्यांना परत विचारलं की तुझे मित्र कोण, तर बहुतेकांनी आपल्या नव्या गटातलीच नावं सांगितली. पुढं शेरीफनं मुलांच्या गटांना एकमेकांविरुद्ध भडकवून बघितलं, ते आज कुणी मुलांवर करू देणार नाही आणि देऊही नये. पण पहिल्या भागातून जे दिसलं ते खरं आहे. एकत्र काम केलं की माणसं जवळ येतात, आणि जवळ आलेली माणसं वेगळ्या कामाला लागली की दुरावतात, मग त्यात कुणाच्या मनात खोट असो वा नसो.

म्हणजे यंदा जे झालं त्यात गटाचाही हात आहे. तुम्ही वेगळ्या गटांत होतात, दिवसभर दोन टोकांना. पूर्वी ती भांडून गट बदलून घ्यायची तेव्हा तुमचे दीडशे तास शाबूत राहायचे. यंदा ते मिळालेच नाहीत, आणि जी रात्र मिळाली ती नेमकी ती गच्चीवरची.

अमेरिकेतलीच एक गोष्ट आणखी, थोडक्यात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सातवीतल्या मुलांच्या मैत्र्या बारावीपर्यंत दरवर्षी तपासल्या. शेवटपर्यंत अखंड टिकलेल्या शंभरात एकच निघाल्या. आणि तुटण्याचं कारण एकाचा स्वभाव वाईट, असं निघालं नाही. अभ्यासात, वागण्यात, चारचौघांत मिसळण्यात दोघांमध्ये फरक जितका जास्त, तितकी मैत्री तुटण्याची शक्यता जास्त. हे वाचून घाबरू नकोस, ते तुझं भविष्य नाही. पण रात्री पडल्या पडल्या "माझ्यात काय कमी आहे" असं जे तू स्वतःला विचारत असशील, ते बंद करायला हा आकडा पुरे आहे.

फोन बरा झाला तर भेटायचं बघा. खानापूर ते बेळगाव साधारण २५ किलोमीटर, निपाणी ते बेळगाव ७५ च्या आसपास, दोघींना बेळगाव मध्ये पडतं. कर्नाटकात बायका-मुलींना सरकारी बसचा प्रवास फुकट करणारी शक्ती योजना जून २०२३ पासून चालू आहे, तेव्हा तुम्हा दोघींना साध्या सरकारी बसला तिकीटही पडणार नाही, आधार कार्ड बरोबर ठेवलं म्हणजे झालं. आईला किंवा मोठ्या बहिणीला सोबत घे. मध्यवर्ती बस स्थानकापासून किल्ला जवळ आहे, आत कमल बस्ती हे जुनं जैन मंदिर बघा, बाहेर तळ्याकाठी बसा. शाळा सुरू झाल्या की दहावीचे जादा तास लागतील, तेव्हा ठरवायचं तर पहिल्या महिन्यातच ठरवा. मात्र जाताना पाचवीतली ती मुलगी भेटेल असं धरून जाऊ नकोस. पंधरा वर्षांची एक मुलगी भेटेल, तिची थोडी ओळख तुला आहे, बरीच व्हायची आहे. ती ओळख तुला आवडेल किंवा नाही आवडणार. नाही आवडली तरी चालेल. मैत्री पातळ झाली म्हणून मागचे पाच उन्हाळे कुणी काढून घेत नाही.

आईलाही हे वाच म्हणावं. ताई, दहावीची काळजी तुम्हाला आहे ते समजतं. पण मनात हे ठसठसत असताना पोर पुस्तक घेऊन बसेल आणि पान उलटणार नाही. फोनसाठी तिला ती दहा मिनिटं एकटीला द्या. आणि जमलं तर त्या रात्रीबद्दल तिला एकदा सांगू द्या, मध्ये न बोलता ऐका.

राहिला पुढच्या वर्षीचा प्रश्न. जा. ती येणार आहे का हे न विचारता जा. दहावीची परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये संपते, निकाल मे महिन्यात लागतो, मधले दिवस घरात निकालाची भीती बाळगत काढण्यापेक्षा शिबिरात काढलेले बरे. ते शिबिर तिच्याइतकंच तुझं आहे. तीसुद्धा ताई म्हणून आली, तर एकाच कामाला लागा, पाणी भरायचं असो की भाजी चिरायची. शेरीफच्या पुढच्या एका शिबिरात, १९५४ साली ओक्लाहोमामध्ये, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या गटांना पाण्याची टाकी दुरुस्त करायला आणि बंद पडलेला ट्रक दोरीनं ओढायला एकत्र लावलं, तेव्हा कुठं त्यांची धुसफूस कमी झाली. समजुतीच्या गोष्टींनी जे होत नाही ते बादल्या उचलताना होतं.

आणि ताई झालीस की एक काम तू हातात घे, कारण तिथं असणाऱ्यांपैकी ते तुझ्याइतकं कुणाला कळणार नाही. पहिल्याच संध्याकाळी मोठ्या मुलींना एका खोलीत बसव आणि साध्या शब्दांत सांग की इथं कुणाला पाळी आली, पहिल्यांदा आली तरी, कुठल्या ताईकडं यायचं, पॅड कुठं ठेवलेत, वापरलेला कशात गुंडाळून कुठं टाकायचा. रात्री एकटीला बाहेर जायला लागू नये म्हणून कुणाला उठवायचं तेही सांग, खानापूरच्या रानात अस्वलं आहेत आणि मुली भीतीनं सकाळपर्यंत तशाच पडून राहतात. एक जादा गडद रंगाचा स्कर्ट आणि दोन ओढण्या ताईंच्या पेटीत कायम ठेवा. आणि हेही सांग की जिला पाळी येईल तिच्याबद्दल दुसरीनं कुठं बोलायचं नाही, गमतीतसुद्धा. ते तू म्हणालीस की मुली ऐकतील.

शिबिराच्या माहितीपत्रकात सामानाची यादी असते: ताट, वाटी, पेला, अंथरूण-पांघरूण, टॉर्च, टोपी. तुमच्या यादीत मुलींसाठी पॅड लिहिलेत का ते बघ. नसतील तर आयोजकांना याच महिन्यात फोन करून लिहायला सांग. पुढची पत्रकं छापायला जातील तेव्हा तू परीक्षेच्या अभ्यासात असशील, आणि मग ते राहून जाईल.